साठ की शंभर?

खालच्या मजल्यावर विजेचा एक शॉवर बसवायचा, एवढंच काम होतं. भिंतीला एक डबा, डब्याला एक नळी आणि नळीला एक झारी. रेजी हिंडमार्शच्या गावात असली कामं लोक शनिवारी सकाळी हातात घेतात आणि दुपारच्या फुटबॉलच्या आत उरकतात. रेजीने पाच आठवडे घेतले, तीन पत्रं लिहिली, एका समितीपुढे टोपी हातात घेऊन उभा राहिला, आणि शॉवर काही बसला नाही.

घाई होती ती नोरीनमुळे. नोरीन म्हणजे त्याची बायको. तिचा खुबा बदलायचा होता आणि ऑगस्ट अखेरची तारीखही मिळाली होती. हॉस्पिटलातल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, दोन महिने जिना नको आणि टबात पाय टाकायचं तर नावच काढू नका. हिंडमार्शांकडे आंघोळ वरच्या मजल्यावर, आणि तीही टबात. हे कळायचा अवकाश, नोरीनच्या बहिणीचा, ग्लेनिसचा, स्कारबरोहून फोन आला.

"तू सरळ माझ्याकडे ये. जिना नाही, काही नाही, स्टुलावर बसून आंघोळ कर. आठ आठवडे राहा. रेजीचं काय, तो डबे उघडून खाईल."

रेजीला धास्ती पडली ती डब्यांची नव्हे. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात नोरीन सलग दोन रात्रींच्या वर कधी घराबाहेर राहिली नव्हती. आठ आठवडे म्हणजे तिच्या खुर्चीकडे बघत बसायचे आठ आठवडे! पण रेजी पडला निवृत्त इतिहासशिक्षक. राजघराण्यांच्या भाऊबंदकीवर तो तासभर बोलेल, "तू गेलीस तर मला करमणार नाही" हे वाक्य मात्र त्याच्या घशाशी येऊन अडायचं. म्हणून तो म्हणाला, "त्यापेक्षा खालच्या कोठीत शॉवर बसवू. पलंग बैठकीत आणू. झालं!"

"पाच आठवड्यांत?" नोरीनने विचारलं.

"पाच आठवडे डोक्यावरून पाणी."

वायरिंगसाठी कॉलिन आला. कॉलिन हा रेजीचाच जुना विद्यार्थी, वर्गात शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारा. जिन्याखालच्या कपाटात मीटर होता, तिथे दोघे गुडघ्यांवर बसले.

"सर, हा शॉवर एकटाच चाळीस अँपिअर ओढणार. त्यात ओव्हन, केटल, धुण्याचं मशीन. तुमचा मेन फ्यूज किती?"

"किती असतो?"

"साठ असेल तर मी हात लावणार नाही. शंभर असेल तर उद्या काम सुरू."

रेजीने मीटरखालच्या काळ्या डबीकडे बोट दाखवलं. "हा काय, लिहिलंय की. शंभर!"

"ती डबीची ताकद, सर. आत काय घातलंय ते डबीला काय माहीत? बिस्किटांच्या डब्यात तुमच्याकडे बटणंच असतात ना?"

हे खरं होतं. रेजी डबी उघडायला गेला तसा कॉलिन दचकून मागे सरकला. डबीला तारेचं सील होतं. सील वीजकंपनीचं, तोडायला बंदी. म्हणजे आपल्याच घरात, आपल्याच जिन्याखाली एक गोष्ट आहे आणि ती काय आहे हे आपल्याला कळू शकत नाही! रेजी रात्री जेवला नाही म्हणतात ते खोटं आहे, पण पुडिंग त्याने अर्धं ठेवलं, आणि नोरीनला तेवढ्यावरून कळायचं ते कळलं.

त्यात कॉलिनने जाता जाता आणखी एक काडी टाकली होती. "आणि सर, नुसते अँपिअर बघून भागत नाही. ब्रेकिंग कपॅसिटी बघावी लागते."

"म्हणजे?"

"अँपिअर म्हणजे रोजचं किती सोसायचं ते. ब्रेकिंग कपॅसिटी म्हणजे एखाद्या दिवशी दणका बसला, तर स्वतः न फुटता तो तोडता आला पाहिजे, ती ताकद. शॉर्ट झाला की साठ-शंभर नाही धावत येत, हजारोंनी येतात. तुमच्या त्या जुन्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये नुसती तार आहे. मोठा दणका आला तर तारेसकट चिनीमातीच्या ठिकऱ्या."

"आणि मेन फ्यूज कसा तोडतो एवढ्या हजारांना?"

"त्याच्या पोटात वाळू असते."

वाळू! पस्तीस वर्षं रेजी पोरांना सांगत आला होता की प्रश्न विचारा, आणि पस्तीस वर्षांत एकानेही त्याला इतकं चांगलं उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टेबल-लॅम्पचा प्लग खोलला, त्यातला, इथे प्रत्येक प्लगात असतो तो छोटा फ्यूज काढला, करवतीने कापला आणि जेवणाच्या टेबलावर उपडा केला. खरंच वाळू निघाली! पांढरी, बारीक, समुद्रावरच्यापेक्षा स्वच्छ.

"नोरीन, हे बघ! आतली तार वितळली की ठिणगी पेटते, आणि ही वाळू त्या ठिणगीला गिळते. गिळता गिळता स्वतः काच होते!"

"छान. आता ती टेबलक्लॉथवरून कोण गिळणार आहे?" नोरीन म्हणाली. तिचा खुबा दुखत होता तरी ती बघायला उठून आली होती, हे रेजीच्या लक्षात आलं नाही.

वीजकंपनीच्या फोनवरची मुलगी फार गोड होती. तिने चार वेळा त्याची क्षमा मागितली.

"तुमच्या घराचा फ्यूज आमच्या नोंदीत नाही, सर. तुम्ही बघून सांगाल का?"

"बघायचं तर सील तोडावं लागेल."

"सील तोडू नका, सर."

"मग बघू कसा?"

"तो प्रश्न आहे खरा. मी अर्ज पाठवते."

अर्जात घरातल्या प्रत्येक विजेच्या वस्तूची यादी मागितली होती. रेजी वही घेऊन घरभर फिरला. फिरता फिरता त्याच्या ध्यानात आलं की प्रत्येक प्लगमध्ये तेरा अँपिअरचाच फ्यूज आहे. रेडिओला तेरा, घड्याळाला तेरा, नोरीनच्या वाचायच्या दिव्यालासुद्धा तेरा. गावात सगळ्यांचं असंच असतं, दुकानात तेराचंच पाकीट पुढ्यात असतं म्हणून. पण रेजीला आता ज्ञान झालं होतं, छोट्या वस्तूला छोटाच फ्यूज हवा. तो तीन अँपिअरचे फ्यूज घेऊन आला आणि घरभर बदलत सुटला. आणि सुटला तो असा सुटला, की केटललाही तीनचाच घातला.

नेमकी त्या दुपारी ग्लेनिस घर बघायला आली. चार तास मोटार चालवून आलेल्या बाईला या देशात पाच मिनिटांच्या आत चहा मिळाला नाही, तर ती नात्यांचा फेरविचार करू लागते. केटल लावली, कटकन आवाज झाला आणि गप्प. रेजी आनंदाने ओरडला, फ्यूज काढून करवत आणायला धावला, आणि ग्लेनिसपुढे वाळू सांडून काच होऊन एकमेकांना चिकटलेले दोन दाणे तिला दाखवू लागला.

"नोरीन," ग्लेनिस हातमोजे न काढता म्हणाली, "तुझी खोली मी तयारच ठेवते."

ही गोष्ट गावभर व्हायला पोस्ट ऑफिसची एक रांग पुरली. मग सल्ल्यांना काय तोटा! पोस्टातली बाई म्हणाली, साठच असणार, तिच्या भावाकडे साठच निघाला होता. खाटीक म्हणाला, शंभर, पैज लावतो. गिरजाघरात ऑर्गन वाजवणारे गृहस्थ तर म्हणाले की फ्यूजच्या जागी खिळा घाला आणि मोकळे व्हा. कॉलिन म्हणाला की त्या गृहस्थांच्या घरी तो यापुढे चहालाही जाणार नाही.

शेवटी कंपनीचा माणूस आला. त्याने सील कापलं, हातमोजे चढवले, डबीतून फ्यूज ओढून काढला आणि उजेडात धरला. रेजी त्याच्या खांद्यावरून डोकावला.

"साठ," माणूस म्हणाला.

"बदला मग! शंभर घाला."

"थांबा." त्याने टॉर्च खाली मारला. "तुमची केबल जमिनीतून येतच नाहीये. भिंतीतून येतेय. पलीकडे कोण राहतं?"

पलीकडे वॉल्टर स्टोको राहत होता. दोन घरं खांद्याला खांदा लावून एकाच भिंतीची, आणि बांधताना कुणीतरी केबल वाचवायला वीज आधी स्टोकोच्या घरात नेली होती आणि तिथून भिंतीतून पुढे हिंडमार्शांकडे ढकलली होती. दोघांची मिळून रस्त्यातून एकच केबल. ती साठ-साठच्या वर सोसायची नाही. शंभर हवे असतील तर नवी केबल टाकायची, आणि रस्त्यातली मोठी केबल संपते स्टोकोच्या कुंपणाशी, म्हणजे खणायचं स्टोकोच्या अंगणातून.

"शेजाऱ्यांची लेखी संमती आणा, बाकी आमच्याकडे लागलं," माणूस म्हणाला आणि नवं सील ठोकून गेला.

रेजी तिथेच जिन्याखाली बसून राहिला. अकरा वर्षं तो वॉल्टर स्टोकोशी "गुड मॉर्निंग"च्या पुढे एक शब्द बोलला नव्हता, आणि अकरा वर्षं त्याच माणसाच्या घरातून आलेल्या विजेवर तो दाढी करत होता. फार लागलं त्याला हे.

अकरा वर्षांपूर्वी झालं होतं असं. वॉल्टर लीक लावायचा. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा दांडगा भाऊ. या भागात तो खाण्यासाठी लावतात असं समजणारा माणूस नक्की परगावचा. सप्टेंबरात लीकचं प्रदर्शन भरतं, फूटपट्टीने घेर मोजतात, आणि जिंकणारा माणूस पुढचं वर्षभर रस्त्याच्या मधून चालतो. वॉल्टर त्या वर्षी जिंकला आणि बक्षीस द्यायला शिक्षक म्हणून रेजीला बोलावलं. रेजीने लीक हातात घेतला, फिरवून पाहिला, आणि भर सभेत, अगदी मनापासून, निव्वळ कुतूहलाने विचारलं, "पण याचा उपयोग काय?"

त्या दिवसापासून "अरे रेजी"चं "मिस्टर हिंडमार्श" झालं. मधल्या काळात वॉल्टरची बायको एडना आजारी पडली आणि वारली. नोरीन रोज सूप घेऊन जायची. रेजी दफनाला गेला, शेवटच्या बाकावर बसला, आणि दोन शब्द बोलावेत असं ठरवूनही तसाच परत आला.

आता या माणसाकडे जाऊन तोंडाने विचारायचं? छे! रेजीने पत्र लिहिलं. दोन्ही घरांची दारं सात पावलांच्या अंतरावर, तरी पत्र तिकीट लावून पोस्टात टाकलं. चार दिवसांनी उत्तर आलं, तेही तिकीट लावून. "प्रिय मिस्टर हिंडमार्श, आपण ज्या जागेतून चर खणू इच्छिता तिथे प्रदर्शनापर्यंत लीक आहेत. लीकचा उपयोग काय, हे आपणांस ठाऊक नसल्याने राग नाही. आपला, व. स्टोको."

दुसऱ्या पत्रात रेजीने माफी मागितली, पण तिच्याखाली लीकच्या इतिहासावर तीन परिच्छेद जोडले. उत्तर नाही. तिसऱ्याला उत्तर आलं, "कृपया टपाल खात्यावर ताण टाकू नये."

नोरीन एकदा म्हणाली, "अरे, दार वाजव ना जाऊन."

"त्याला आधी पूर्वतयारी लागते," रेजी म्हणाला.

पूर्वतयारी अशी होती. जुनी केबल नेमकी कुठून जाते ते कळलं पाहिजे. ती लीकला टाळून जात असेल तर नवीही तिच्या शेजारून जाईल, आणि मग कुणाचं काही जात नाही. कॉलिन बोलता बोलता म्हणाला होता की स्टेशन न लावलेला जुना रेडिओ जमिनीतल्या केबलवर धरला की घूं घूं करतो. झालं! मंगळवारी सकाळी वॉल्टर दुकानात गेलेला बघून रेजी रेडिओ घेऊन कुंपणाच्या फटीतून पलीकडे शिरला. घूं घूं कुंपणापाशी बारीक होतं. चार पावलांवर वाढलं. रेजी ओणवा झाला, मग गुडघ्यांवर आला, मग चक्क रांगायला लागला. उत्सुकता माणसाला कुठल्या थराला नेते, बघा! आवाज सगळ्यात मोठा झाला तो बरोबर सगळ्यात मोठ्या लीकच्या बुंध्याशी. रेजीने कान लावला.

"मिस्टर हिंडमार्श," वरून आवाज आला. वॉल्टर हातात पिशवी घेऊन उभा होता. "माझ्या लीकला गाणी ऐकवताय?"

"मी केबल शोधतोय."

"लीकमध्ये?"

हे समजून घ्यायला हवं की प्रदर्शनाला तीन आठवडे राहिलेले असताना दुसऱ्याच्या लीकपाशी गुडघे टेकून सापडणं म्हणजे गुन्हाच. पूर्वी एकदा कुणीतरी रातोरात एका वाफ्यावर सुरी फिरवली होती, त्या घटनेचा उल्लेख लोक अजून आवाज खाली करून करतात. वॉल्टरने पिशवी तिथेच ठेवली. तो सरळ क्लबात गेला.

गुरुवारी लीक मंडळाच्या समितीने रेजीला बोलावलं. क्लबाच्या माडीवर तीन म्हातारे बसले होते, त्यातले दोघे रेजीच्या वर्गमित्रांचे भाऊ. रेजीने ब्रेकिंग कपॅसिटीपासून सुरुवात केली. वाळूपर्यंत आला तेव्हा अध्यक्षांनी हात वर केला.

"एवढंच सांग बाबा, तुझ्याजवळ सुरी होती का?"

"रेडिओ होता!"

"लिहून घ्या, रेडिओ होता."

निकाल असा लागला: प्रदर्शन होईपर्यंत रेजीने वॉल्टरच्या लीकपासून दहा पावलांच्या आत यायचं नाही. आता त्याचं स्वतःचं पुढचं दार होतं आठ पावलांवर. ज्या माणसाने पस्तीस वर्षं या गावच्या पोरांना शिस्त शिकवली, तो त्या दिवसापासून मागच्या गल्लीतून, कचऱ्याच्या डब्यांच्या रांगेतून घरात जाऊ लागला. समोरून येणारी जुनी पोरं टोपी काढून "गुड आफ्टरनून, सर" म्हणायची, आणि वळल्यावर खांदे हलायचे त्यांचे.

पण टिंगलीचं दुःख दुय्यम होतं. नोरीनचं ऑपरेशन झालं, छान झालं, आणि घरात शॉवर नव्हता. गुरुवारी सोडणार होते. ग्लेनिस मोटार घेऊन येणार होती. बुधवारी रेजी हॉस्पिटलात गेला, नोरीनच्या पलंगाशी बसला, आणि टोपीची कड चाचपत राहिला.

"काय झालं?" नोरीन म्हणाली.

"साठ आहे."

"ते माहीत आहे मला."

"शंभर करता आला नाही. केबल त्याच्या लीकखालून जाते. मी सगळं करून पाहिलं, नोरीन. पत्रं लिहिली, अर्ज केला, रांगलोसुद्धा. तू आता ग्लेनिसकडे जाणार. आठ आठवडे. मला... घरात करमणार नाही गं."

बोलला! एकोणचाळीस वर्षांनी का होईना, वाक्य बाहेर पडलं. नोरीनने त्याच्या हातातली टोपी काढून घेऊन बाजूला ठेवली.

"हे पाच आठवड्यांपूर्वी बोलला असतास तर? मला वाटलं, तुला शॉवरचाच छंद लागलाय. म्हटलं, माझ्यासाठी कशाला त्या वॉल्टरला त्रास द्यायचा."

"वॉल्टरचा काय संबंध?"

"फोन दे इकडे."

ती फोनवर दोन मिनिटंसुद्धा बोलली नसेल. "वॉल्टर, मी नोरीन. हो, बरी आहे. वॉल्टर, एक मागायचंय आणि नाही म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही. एडनासाठी खाली शॉवर बसवला होतास ना, तो मला दोन महिने वापरू देशील?" ती पांघरुणाची घडी बोटाने सारखी करत ऐकत राहिली. मग ती म्हणाली, "बरं. थँक यू, वॉल्टर," आणि फोन ठेवून तिने डोळे पुसले.

"त्याच्याकडे शॉवर आहे?" रेजी उडालाच. "साठ अँपिअरवर?"

"गॅसवर तापतं त्याचं पाणी. विजेचा काही संबंध नाही. एडना गेल्यापासून ते दार त्याने उघडलेलं नाही, रेजी. म्हणून मी विषय काढला नव्हता."

ग्लेनिस आली, रागावली, चहा घेतला आणि एकटीच स्कारबरोला परत गेली. शुक्रवारी सकाळी नोरीन काठी टेकत वॉल्टरच्या पुढच्या दारातून आत गेली, आणि तिच्यामागे टॉवेल, गाऊन, साबण आणि स्टूल असं सगळं सावरत, लीककडे न बघता, रेजी गेला. दहा पावलांचा नियम वॉल्टरने काढला नाही, पण त्याने दार उघडं धरलं. न्हाणीघर पुसून लख्ख केलेलं होतं, नवं पायपुसणं होतं. नोरीन आत गेली, कडी लागली, पाणी सुरू झालं.

दोघे पुरुष स्वयंपाकघरात उभे राहिले. वॉल्टर खिडकीतून बाहेर बघत होता. भिंतीतल्या नळीतून पाण्याचा आवाज येत होता आणि तो आवाज जसा वाढत गेला तसा वॉल्टरने ओट्याचा काठ हाताने धरला. रेजीला काय करावं कळेना. अशा वेळी इथे माणूस एकच करतो, ते त्याने केलं. केटल उचलली, नळाखाली धरली आणि नळ सोडला.

"अगंऽऽ आईऽऽ गं!" आतून किंकाळी आली. "रेजी! कोणी नळ सोडला? बर्फ येतंय अंगावर!"

रेजीने झटकन नळ बंद केला. केटल हातात, चेहरा पांढराफटक. वॉल्टर त्याच्याकडे वळला, आणि त्याच्या छातीतून काहीतरी विचित्र खडखडाट निघाला. रेजीला वाटलं, माणसाला झटका आला. मग कळलं, तो हसतोय.

"स्वयंपाकघरात नळ सोडला की आत गार येतं," वॉल्टर डोळे पुसत म्हणाला. "मी रोज विसरायचो. रोज! एडनासुद्धा अशीच ओरडायची."

रेजीच्या मनात बॉयलरबद्दल चार प्रश्न एकदम उभे राहिले होते. त्याने केटल खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसला.

"काय ओरडायची रे?" त्याने विचारलं.

वॉल्टरनेही समोरची खुर्ची ओढली.

"मला गाढव म्हणायची. पण नुसतं गाढव नाही. ऐक..."

अर्ध्या तासाने नोरीन ओल्या केसांनी, गाऊन गुंडाळून दारात येऊन उभी राहिली. तिने दोनदा हाक मारली. दोघांपैकी कुणालाच ऐकू गेली नाही.